आवाज आला की तेल

ये, सरक अशी जवळ. अजून जवळ. ऐकू येतं मला अजून, पण ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. आणि आधी थोडं बोलून घेते, राग मागाहून धर. दसऱ्यापासून तुझं पाऊल या उंबऱ्याला लागलं नाही. दिवाळीला "सुटी नाही" म्हणलीस, संक्रांतीला "काम आलं" म्हणलीस, पाडव्याला तर फोनसुद्धा दुपार कलल्यावर केलास. आजीला वेडी समजतेस का ग? तुझ्या बापाला मी वाढवलंय. तो खोटं बोलताना नाक ओढायचा. तूही फोनवर नाक ओढतेस.

तू तिकडं पुण्यात आणि मी इकडं सेनगावच्या रस्त्याला, म्हणून हे जवळ सरकणं कागदावरचंच. फोनवर सांगायला दोनदा बसले. दोन्ही वेळा जेवलीस का, पाणी येतं का, एवढं विचारून फोन ठेवून दिला. मग तुझी जुनी शंभर पानी वही काढली, तिची मागची पानं कोरी आहेत. यातलं बरंच तुला ठाऊक आहे. तरी सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण अर्धं लिहायचं ठरवलं तर मी माझ्या सोयीचं अर्धं लिहीन. मला माझी सवय माहीत आहे.

तुझ्या आजोबांचं फाट्यावर सायकलीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि भाड्यानं द्यायच्या सहा काळ्या सायकली. मी त्यांचा डबा घेऊन जायची ती तिथंच बसायची. बघून बघून शिकले. आधी पंक्चर काढायला, मग चाकाचा आऊट काढायला, म्हणजे डगमगणारं चाक तारा आवळून सरळ करायला. पुढं त्यांचे हात कापायला लागले तेव्हा पान्हा माझ्या हातात आला, आणि ते गेल्यावरही माझ्याच हातात राहिला. गिऱ्हाईक यायचं, इकडं तिकडं बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठं गेले, बाई?"

"मालकीण बसली हाय न्हवं. सायकल आडवी करा."

आजोबांचा कायदा एकच होता. सायकल बोलते, तिचं ऐकायचं. चाकातून कटकट आली तर आतले छर्रे फुटले समजायचं. चरचर आली तर साखळी कोरडी पडली. आणि आवाज कसलाही असो, सगळ्यात आधी तेल. आवाज आला की तेल. या कायद्यावर मी तीस-पस्तीस वर्षं काढली आणि एकदाही तोंडघशी पडले नाही. बहाणा म्हणून हे सांगत नाही. लांब चोचीची ती तेलाची डबी माझ्या हाताला कशी चिकटली होती ते तुला कळावं म्हणून सांगते.

पहिल्या नोकरीत तू ती रेसची सायकल घेतलीस आणि उन्हाळ्यात गावाला घेऊन आलीस. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल, आणि टायर एवढे बारीक की मला हसू आलं. फाट्यापासून घरापर्यंत येईस्तोवर बाभळीचे तीन काटे रुतले होते. घामाघूम होऊन तू सायकल हातानं ढकलत आणलीस.

"हे टायर हाय का बांगडी, ग?"

"आजी, ही रस्त्याची सायकल आहे. लई पळते."

"पळत आसंल. पर तिला म्हणावं आमच्याकडं आधी रस्ता येऊ दे, मग तू ये."

पण खरं सांगू, मला ती सायकल आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती अंगणात उलटी केली आणि पोत्यावर सगळी उकलून ठेवली. काही लपलेलं नव्हतं तिच्यात. ब्रेकचं रबर झिजलं तर डोळ्याला दिसत होतं, तार सैल झाली तर बोटाला कळत होतं. हवा रोज बघायची, साखळी आठवड्याला पुसायची, काटा निघाला की ठिगळ लावायचं. तकलीफ होती, पण ओळखीची होती. तू शेजारी बसून म्हणलीस, "आजी, पुण्याच्या दुकानात याला दोन दिवस लावतात." तेवढ्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले बघ.

मग तुझ्या आईचं. ती आशाताई. आपल्या गावाला जोडून दोन तांडे, आणि दोन्ही माळाच्या पलीकडं. कोणाचे दिवस भरलेत, कोणाच्या लेकराला डोस राहिलाय, हे बघायला तिला आठवड्यातून चार दिवस तरी जावं लागायचं. जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. स्कुटी तिनं एकदा शिकताना कुंपणात घातली ती कायमची सोडली. पण सायकल तिला येत होती, लग्नाच्या आधीपासून. तू एकदा तिच्या टाचांच्या भेगा बघितल्यास. शिमग्याच्या आधी ट्रॅव्हल्सच्या पोटातून ती बॅटरीवाली डोंगराची सायकल उतरली. कोणीतरी थोडी वापरलेली, पण तू नीट पारखून घेतलेली.

जड म्हणजे किती जड. अर्धं पोतं म्हण ना. टायर माझ्या मनगटाएवढे, पुढं घड्याळासारखा आकड्यांचा डबा, पॅडलपाशी मोटारीचा गड्डू. मी सवयीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मला पान्हा लावायला जागाच सापडेना. जिथं बघावं तिथं झाकण.

तू चार दिवस राहिलीस आणि मला सगळं समजावून सांगितलंस. हे मी मुद्दाम लिहिते. तू सांगितलं होतंस. बॅटरी पार संपू द्यायची नाही. पाणी जोरात मारायचं नाही. मोटारीच्या जोरानं साखळी लवकर झिजते, म्हणून ती पुसत राहायची. आणि चाकाच्या मधोमध जी जाळीदार चकती आहे, ब्रेक जिला धरतो, ती डिस्क. तिच्यावर तेलाचा थेंबसुद्धा पडू द्यायचा नाही.

"मला तेल शिकवती व्हय?" मी म्हणलं.

"शिकवत नाही, आजी. ही सायकल वेगळी आहे, एवढंच."

"तुझा बाप रांगत व्हता तवापासून तेल घालून राहिले मी."

तू हसलीस. मीही हसले. पण मला ते लागलं होतं, पोरी. तेव्हा कबूल केलं नाही, आता करते.

त्या सायकलीनं तुझ्या आईचे दिवस बदलले हे मात्र खरं. सकाळी लाईट असेल तेवढ्यात बॅटरी घरात आणून भरायची, नऊला निघायची आणि बाराला घरी. काटे रुतायचे, पण त्या जाड टायरला त्याचं काही वाटायचं नाही. तांड्यावर माझ्याच वयाची एक म्हातारी आहे, तिनं पहिल्या दिवशी विचारलं म्हणे, "आशाताई, हिच्या पोटात काय बसवलंय, बैल?" तुझी आई घरी येऊन ते सांगताना हसत होती. तिला एवढं हसताना मी लई दिवसांनी बघितलं.

मी मात्र आतून कुरकुरत होते. रेसची सायकल तू इथंच ठेवून गेलीस, ती भिंतीला टांगलेली होती. तिची साखळी तू आणलीस तेव्हापासून तीच. हिची पावसाळ्याच्या आत एकदा बदलावी लागली. ब्रेकचे पॅड तर असे झिजले की मी दोनदा निरखून बघितले. एवढं वजन उतारावर धरायचं म्हणजे झिजणारच. मी तुझ्या बापाला म्हणायची, "चार दिवस बोलत न्हाई अन् पाचव्या दिवशी दुसऱ्या गावाला न्यावी लागती, आसली कसली सायकल?" तो म्हणायचा, "आई, तुला काम न्हाई राहिलं म्हणून तुला राग येऊन राहिला." बराबर होतं त्याचं.

मग पावसात ती एकदा बंद पडली. डब्यावर कसलातरी आकडा येऊन थांबला, मोटार चालेना. तुझ्या आईनं माळावरून ते अर्धं पोतं ढकलत आणलं. तुला फोन केला, तू म्हणलीस दुकानातच दाखवावं लागेल, नांदेडला बघते कोणी आहे का. मी तेवढ्यात चाक फिरवून बघत बसले होते. मागच्या चाकाच्या एका तारेवर लोहचुंबकाचा एवढासा तुकडा बसवलेला असतो, तो चिखलानं सरकून वाकडा झाला होता. मी तो पुसला, पहिल्या जागी आणला, स्क्रू आवळला. आकडा गेला. मोटार चालली.

तू फोनवर ओरडलीसच, "आजी, कसं केलंस?" मी म्हणलं, "ऐकलं तिचं." त्या दिवशी अख्ख्या गल्लीला मी चार वेळा ती गोष्ट सांगितली. आणि मला वाटलं, झालं, कळली ही मला. वेगळी-बिगळी काही नाही. सायकल ती सायकल.

पुढचं सगळं त्या चुंबकापासून सुरू झालं, असं मला आता वाटतं.

पाऊस सरला आणि तिचे ब्रेक ओरडायला लागले. साधं नाही, तांड्याच्या अलीकडूनच ऐकू जाईल असं. ती म्हातारी तुझ्या आईला म्हणाली, "आशाताई, तुमच्या आधी तुमची बोंब पोचती. लेकरं सुई समजून पळून राहिली." तुझी आई हसली, पण तिला लाज वाटायची ते मला दिसत होतं. मला म्हणाली, "आत्या, पोरीला इचारावं लागंल." मी म्हणलं, "तिला काहून तरास? मी हाय न्हवं."

खंडेनवमीला मी माझे सगळे पान्हे दरवर्षी धुते. आता दुकान नाही, तरी धुते. पाटावर मांडते, हळदीकुंकू लावते, झेंडूची दोन फुलं ठेवते. आजोबा होते तेव्हा पूजा झाली की प्रत्येक सायकलीला नवं तेल मिळायचं, जसं सणाला लेकराच्या डोक्याला घालतो तसं. त्या दिवशी मी दोन्ही सायकली अंगणात घेतल्या. पुसल्या. रेसच्या साखळीला तेल दिलं. मग बॅटरीवालीच्या साखळीला दिलं. हँडलला फुलं बांधली, दोन्ही चाकांना हळदीकुंकू लावलं. आणि डबी हातातच होती.

तुझा शब्द मला आठवला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवला. मी मनात म्हणलं, पोरींना काय कळतं, कोरडं लोखंड लोखंडावर घासलं की ते ओरडणारच. पुढच्या चकतीला चार थेंब, मागच्या चकतीला चार थेंब. चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज गेला. एकदम गप झाली बघ. मी डबी पुसून ठेवली आणि मला लई समाधान वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई तांड्यावर गेली. जाताना चढ होता, ब्रेक दाबायची वेळच आली नाही. येताना तांड्यापासून खाली जो उतार आहे, तिथं तिनं ब्रेक दाबला आणि सायकल थांबेना. दोन्ही दाबले, तरी घसरतच चालली. खालच्या वळणावर शेताचा दगडी बांध आहे. बांधावर जाण्याऐवजी तिनं सायकल काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या ढिगावर घातली. ढिगानं डोकं वाचवलं. उजवा हात खाली आला.

लोकांनी तिला तिथूनच हिंगोलीला नेलं. सायकल टेम्पोत घालून घरी आणून टाकली. तुझा बाप दवाखान्यात होता, घरात मी एकटी. मी सायकलीपाशी गेले. चकतीवर कुंकू तेलात कालवून पसरलेलं होतं, लाल ओघळ. कोणीही बघितलं असतं तर कळलं असतं. मी राख घेतली, कपड्याचा साबण घेतला, आणि दोन्ही चकत्या घासून लख्ख केल्या. सून दवाखान्यात आणि मी इथं चकती घासत बसले होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते.

प्लास्टर घालून तुझ्या आईला घरी आणलं, त्याच रात्री तू फोन केलास. रडत होतीस. विचारलंस, "आजी, ब्रेकला कोणी काही केलं होतं का? तेल वगैरे लागलं होतं का?"

मी म्हणलं, "न्हाई ग. मी काहून हात लावू?"

बस, एवढंच. एवढ्या दोन वाक्यांनी तू सहा महिने घरी आली नाहीस.

कारण मग तूच सगळं स्वतःवर घेतलंस. वापरलेली घेतली, ब्रेक आधीच खराब असणार, मी नीट बघितलं नाही, माझ्यामुळं आईचा हात मोडला. विकून टाका ती, म्हणलीस. तुझा बाप म्हणाला, "बॅटरीचा माल बेभरवशाचाच." गल्लीतले म्हणाले, आमी म्हणतच होतो. आणि मी, जी त्या सायकलीला आठ महिने नावं ठेवत होते, मी मान हलवली. पोरी, बेभरवशाचं त्या घरात दुसरंच काहीतरी होतं.

पुढं तुझ्या आईच्या मोबाइलवर मी त्या ब्रेकचे हिंदीतले व्हिडिओ बघितले. आवाज यायला लागला तर चकती स्पिरिटनं पुसायची असते, पॅड पॉलिश कागदावर हलकेच घासायचे असतात. आणि पॅडमधे तेल एकदा मुरलं की ते कशानं निघत नाही, फेकूनच द्यावे लागतात. म्हणजे मी चकत्या घासल्या तरी साक्षीदार आत बसलेलाच होता.

प्लास्टर निघालं. हात जुळला, पण मनगट पूर्ण वळत नाही. परातीत कणीक मळताना ती डाव्या हातानं मळते. रजिस्टर लिहिताना मधे मधे थांबते. तांड्यावर पायी जाते. मी रोज दुपारी तिच्या मनगटाला तिळाचं तेल चोळते. गेल्या आठवड्यात चोळत होते, तर ती माझ्या हाताकडं बघत सहज म्हणाली, "आत्या, त्या दिशी निघताना चाकावरच्या कुंकवात तेलाचा ओघळ व्हता."

माझा हात थांबला.

"मला दिसला व्हता," ती म्हणाली. "तवा कळलं न्हाई त्यानं काय व्हतं. मागून पोरगी तुम्हाला फोनवर तेलाचं इचारून राहिली, फोन स्पीकरवर व्हता, मला खाटेवर सगळं ऐकू येत व्हतं. तवा कळलं."

"मग तू काहून बोलली न्हाईस?"

"हात माझा मोडला. मी माझं बघून घेतलं." ती थांबली. "पर लेक माझी यायची बंद झाली, आत्या. खरं काय ते मी सांगून कसं चालंल? तुमी सांगाल म्हणून थांबले."

सहा महिने थांबली ती. तेवढे दिवस मी तिच्या हाताला तेल लावत होते आणि ती लावू देत होती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं हात परत पुढं केला आणि म्हणाली, "चोळा, थांबू नका, तेल थंड पडतं." मी चोळलं.

तर हे असं आहे. तुझी सायकल चांगली होती. तू नीट पारखलीस, नीट सांगितलंस. ब्रेक मी घालवले. हे तुझ्या बापालाही सांगितलंय काल, चहा देताना. त्यानं कप खाली ठेवला आणि उठून शेतात गेला. अजून माझ्याशी धड बोलला नाही. बोलेल. नाही बोलला तर तेही मला चालवून घ्यावं लागेल.

सायकल विकलेली नाही. पडवीत पोत्याखाली उभी आहे. बॅटरी आत कपाटाजवळ आहे, महिन्यातून एकदा निम्मी भरून ठेवते, तू सांगितलं होतंस तसं. बाकी कशाला हात लावला नाही. रेसच्या सायकलीत हवा भरते, तेवढी सवय राहू दे म्हणून. तुझी आई पुन्हा त्या सायकलीवर बसेल की नाही मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत नाही, आणि तो हक्कही आता माझा नाही. तू विचार. तुझं ती ऐकेल, किंवा तुला नाही म्हणेल, पण तुला समोर बघून म्हणेल.

येताना दोन्ही चाकांचे नवे पॅड आण, पॉलिश कागद इथं मिळतो. तू खाली बसून काम कर, मी शेजारी पाटावर बसून मागशील तो पान्हा देईन. तेलाची डबी मी माळ्यावर ठेवायला लावलीय, माझा हात पोचत नाही तिथं. माझ्यावर रागावायचं असेल तर फोनवर रागावू नको ग, इथं अंगणात येऊन रागव. पुण्याहून येणारी गाडी सकाळी उजाडता फाट्यावर थांबते. मी तिथं येऊन उभी राहते. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या रविवारी, पण त्याच्या पुढं ढकलू नको. तुझी आई रोज फाट्याकडं बघते, आणि मला ते बघवत नाही.